टॅपेटचा आवाज: घालवायचा की कमी करायचा?

"टॅपेट वाजतंय, जरा टाईट करून द्या." गॅरेजमध्ये रोज ऐकू येणारं वाक्य. मेस्त्री कव्हर उघडतो, फिलर गेज घालतो, स्क्रू फिरवतो, नट आवळतो आणि इंजिन गप्प होतं. गिऱ्हाईक खूश. पण कधीकधी असं गप्प केलेलं इंजिन काही महिन्यांनी पिकअप सोडतं, कॉम्प्रेशन उतरतं आणि हेड खोललं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली सापडते.

इंजिनातल्या व्हॉल्व्हचा आवाज आणि धक्का या विषयाचं सार या एका उदाहरणात आहे. आवाज घालवणं सोपं आहे, पण त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजावी लागते. सिनॉप्सिस लिहिताना आपण सहज लिहून जातो, 'व्हॉल्व्हचा आवाज कमी करणे हा संशोधनाचा उद्देश आहे'. गाईड लगेच विचारतात, किती कमी? कोणत्या आरपीएमला? आणि कशाच्या बदल्यात? या तीन प्रश्नांपर्यंत कसं पोहोचायचं ते आज पाहू. गणित बारावीच्या पलीकडचं नाही, कागद-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

फट मुळात ठेवतातच का?

कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. तिला टॅपेट क्लिअरन्स म्हणतात. इंजिननुसार ती बदलते, पण बहुतेक वेळा ती मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांत असते. एक्झॉस्टची फट सहसा इनलेटपेक्षा थोडी जास्त.

कारण उष्णता. १०० मिमी लांबीचा पोलादी व्हॉल्व्ह सरासरी ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे ०.३६ मिमी लांब होतो. हेडही तापून वाढतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पडतो तो दोघांच्या वाढीतला. पण थंड इंजिनावर फट शून्य ठेवली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसणारच नाही अशी भीती असते.

आणि बसणं महत्त्वाचं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० अंशांच्या आसपास तापू शकतं. त्यातली बरीचशी उष्णता बाहेर पडते ती व्हॉल्व्ह बंद असताना, सीटला टेकून. टेकायलाच मिळालं नाही तर उष्णता आत साठते, कडेवरून तापलेला वायू सुटत राहतो आणि कड जळते. म्हणजे वाजणारं टॅपेट त्रासदायक असतं, पण अति टाईट केलेलं टॅपेट घातक असतं. आवाज ही त्या फटीची किंमत आहे.

वेळ किती असतो?

चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ६००० आरपीएमला असेल तर कॅमशाफ्ट ३००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. एका फेरीला २० मिलिसेकंद. व्हॉल्व्ह कॅमच्या १२० अंशांपुरता उघडा राहतो असं धरलं, तर उघडून बंद होण्याच्या सगळ्या कामाला मिळतात सुमारे ६.७ मिलिसेकंद.

एवढ्यात व्हॉल्व्हने ९ मिमी उचलून परत यायचंय. हालचाल साध्या कोसाइन वक्राची आहे असं मानून त्वरण काढलं, तर उत्तर येतं सुमारे ४००० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट! व्हॉल्व्ह, रिटेनर, स्प्रिंगचा काही भाग असं हलणारं वस्तुमान १०० ग्रॅम धरलं, तर ४०० न्यूटन, म्हणजे जवळपास ४० किलो वजनाएवढं बल. एका बारक्या दांड्यावर, सेकंदाला ५० वेळा.

अजून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. इंजिनाचा वेग दुप्पट केला की व्हॉल्व्हचा वेग दुप्पट होतो, त्वरण चौपट आणि त्वरणाच्या बदलाचा दर, ज्याला जर्क म्हणतात, तो आठपट. 'आयडलला चांगलं चालतं' हे वाक्य वरच्या आरपीएमबद्दल जवळपास काहीच सांगत नाही, ते यामुळे.

आवाज तीन वेळा होतो

व्हॉल्व्हच्या एका चक्रात आवाजाच्या तीन जागा असतात.

पहिली, उघडताना. कॅम फिरत येतो, फट संपते आणि भाग एकमेकांना भिडतात.

दुसरी, मधल्या प्रवासात. त्वरण बदलताना सगळी साखळी, म्हणजे रॉकर, दांडा, स्प्रिंग, थरथरते. वेग फार वाढला तर स्प्रिंग कमी पडते, फॉलोअर कॅमवरून सुटतो आणि पुन्हा येऊन आपटतो.

तिसरी, बंद होताना. व्हॉल्व्ह सीटवर आपटतो, आणि वेग जास्त असेल तर एकदा उसळून परत आपटतो.

तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून 'व्हॉल्व्हचा आवाज' असा एकच शब्द वापरून संशोधन सुरू करू नका. आधी कोणता आवाज ते ठरवा.

हळूच टेकवण्याची युक्ती: रॅम्प

पहिल्या आणि तिसऱ्या आवाजावर कॅमच्या आकारातच उपाय असतो. कॅमच्या गोल भागातून उंचवट्याकडे जाताना एक अगदी मंद चढ दिलेला असतो, तसाच परत येताना मंद उतार. याला रॅम्प म्हणतात. फट संपायची ती या चढावर आणि व्हॉल्व्ह टेकायचा तो या उतारावर, अशी योजना.

समजा रॅम्पची उंची ०.३ मिमी आहे आणि ती कॅमच्या २० अंशांत वाटलेली आहे. म्हणजे एका अंशाला ०.०१५ मिमी. ६००० आरपीएमला कॅम सेकंदाला १८,००० अंश फिरतो. गुणाकार करा: टेकण्याचा वेग ०.२७ मीटर प्रति सेकंद. एखादी वस्तू सुमारे ४ मिलिमीटर उंचीवरून पडली तर जितक्या वेगाने टेकेल, तितका. ८०० आरपीएमच्या आयडलला हाच वेग ०.०३६ मीटर प्रति सेकंद होतो. जवळजवळ अलगद.

आता फट रॅम्पच्या उंचीपेक्षा जास्त झाली तर? व्हॉल्व्ह रॅम्पवर न टेकता त्याच्या वरच्या तीव्र भागावर असतानाच सीटवर आदळतो. तिथे वेग झपाट्याने वाढत असतो. समजा तो तिप्पट झाला. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे नऊपट. ४ मिलिमीटरवरून पडणारी वस्तू आता साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास उंचीवरून पडतेय. मेस्त्रीच्या हातातल्या फिलर गेजच्या एका पातळ पानाचा फरक एवढा का जाणवतो, ते इथे कळतं.

मग रॅम्प अजून लांब आणि मंद का करू नये? कारण रॅम्पवर असताना व्हॉल्व्ह किंचित उघडा राहू शकतो. तो जास्त वेळ तसा राहिला तर कॉम्प्रेशन गळतं, आयडल बिघडतं आणि बसून थंड होण्याचा वेळही कमी होतो. शांतता वाढवायची तर श्वास आणि थंडावा यातलं थोडं द्यावं लागतं.

यंत्रमागाचा कॅम आणि इंजिनाचा कॅम

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना कॅमचा आवाज समजावून सांगायची गरज नाही. जुन्या यंत्रमागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, तो एका कॅमच्या नाकाने दिलेल्या फटक्यावर. इथे धक्का हवाच असतो. धोट्याला क्षणात वेग मिळाला नाही तर तो मध्येच अडकेल. म्हणून तो कॅम मुद्दाम झटका देईल असाच बनवतात, आणि त्याची किंमत शेडमध्ये काम करणाऱ्यांचे कान मोजतात.

इंजिनाच्या कॅमला नेमकं उलटं काम आहे. त्यालाही क्षणात वेग द्यायचाय, पण फटका न देता. हे जमवायचं कसं?

व्हॉल्व्ह किती उचलला याचा आलेख काढला तर सगळे कॅम साधारण सारखेच दिसतात. फरक दिसतो तो डेरिव्हेटिव्ह काढल्यावर. वेगाच्या आलेखात थोडा, त्वरणाच्या आलेखात स्पष्ट. वरच्या उदाहरणातला कोसाइन वक्रच घ्या. उचलीचा आलेख गुळगुळीत आहे, पण सुरुवातीच्या क्षणी त्वरण शून्यावरून एकदम ४०० पटीवर उडी मारतं. अशी उडी म्हणजे घंटेवर मारलेला हातोडा. नंतर साखळी आपल्या नैसर्गिक वारंवारतेने वाजत राहते.

उपाय म्हणून वेगवेगळे वक्र वापरतात आणि प्रत्येकाची किंमत आकड्यात सांगता येते. उचल भागिले लागलेल्या वेळेचा वर्ग, याच्या किती पट कमाल त्वरण लागतं ते पाहा. स्थिर त्वरणाचा वक्र: ४ पट. साधी आवर्त गती: ४.९३. ३-४-५ पॉलिनॉमियल: ५.७७. सायक्लॉइड: ६.२८. आणि ४-५-६-७ पॉलिनॉमियल, ज्यात दोन्ही टोकांना जर्कसुद्धा शून्य असतो: ७.५१.

यादी वरून खाली वाचलीत तर सुरुवात आणि शेवट मऊ होत जातात, पण मधलं कमाल त्वरण वाढत जातं. त्वरण वाढलं की बल वाढतं, स्प्रिंग कडक लागते, घर्षण आणि झीज वाढते. (हे आकडे वर आणि खाली थांबा असलेल्या कॅमचे आहेत. इंजिनाच्या कॅमला वर थांबा नसतो, म्हणून ते जसेच्या तसे लावू नका, पण धडा तोच.) ही पाच सूत्रं स्वतः डिफरन्शिएट करून पाहा. एका संध्याकाळचं काम आहे आणि पुढची दोन वर्षं उपयोगी पडतं.

कॅम जे सांगतो ते व्हॉल्व्ह ऐकतो का?

इथपर्यंत आपण धरून चाललो की कॅम जसा हलेल तसाच व्हॉल्व्ह हलेल. प्रत्यक्षात मधली साखळी थोडी लवचिक असते. कॅम ढकलतो, रॉकर किंचित वाकतो, दांडा किंचित दबतो आणि व्हॉल्व्ह थोडा मागे राहतो.

१९४८ मध्ये डब्ल्यू. एम. डडली यांनी व्हॉल्व्ह कॅमच्या डिझाइनची एक उलटी पद्धत मांडली. आधी व्हॉल्व्हची हालचाल कशी हवी ते ठरवायचं आणि साखळी किती दबेल ते धरून कॅमचा आकार मागे मोजत जायचा. ही पद्धत पुढे पॉलिडाइन नावाने ओळखली गेली.

तर्क साधा आहे. साखळी दबते ती बलाच्या प्रमाणात. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणजे कॅमच्या उचलीत व्हॉल्व्हची उचल तर येतेच, शिवाय व्हॉल्व्हचं त्वरणही, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह, मिसळतो. मग कॅमचं त्वरण काढायला गेलं की व्हॉल्व्हच्या उचलीचा चौथा डेरिव्हेटिव्ह समोर येतो. कॅमच्या त्वरणात उडी नको असेल तर हा चौथा डेरिव्हेटिव्हसुद्धा सलग हवा. वरच्या घातांची पॉलिनॉमियल का वापरतात, याचं उत्तर इथे आहे. परीक्षेत नुसतं पाठ केलेलं सूत्र संशोधनात असं कारणासकट भेटतं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हा हिशोब एका ठरावीक वेगासाठी नेमका बसतो. वेग बदलला की त्वरण बदलतं, साखळीचं दबणं बदलतं आणि हिशोब थोडा हलतो. 'कोणत्या आरपीएमला?' हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

आकार न बदलता केलेले उपाय

फटच नको, असा विचारही झाला. हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टरमध्ये छोटा प्लंजर असतो, त्याच्याखाली इंजिन ऑइलचा कप्पा आणि एकाच दिशेने उघडणारी गोळी. कॅम मोकळा असताना हलकी स्प्रिंग प्लंजर वर ढकलून फट बुजवते आणि कप्प्यात तेल भरतं. कॅम दाबायला लागला की गोळी बंद होते, अडकलेलं तेल जवळपास घन वस्तूसारखं बल पुढे नेतं. व्हॉल्व्ह तापून लांबला तर थोडं तेल झिरपतं आणि जागा आपोआप जुळते. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये शांतपणासाठी अशी हायड्रॉलिक व्यवस्था होती.

याचीही किंमत आहेच. तेलात हवा मिसळली तर 'घन' वस्तू मऊ पडते. रात्रभर उभ्या गाडीत तेल उतरून गेलं तर सकाळी काही सेकंद टकटक ऐकू येते. शिवाय वस्तुमान आणि खर्च वाढतो.

त्याही आधी चार्ल्स येल नाइट या अमेरिकन माणसाने आपटणारा व्हॉल्व्हच काढून टाकला आणि सरकणाऱ्या नळ्यांचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन बनवलं. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने १९०८-०९ च्या सुमारास ते स्वीकारलं. इंजिन खरोखर शांत होतं, पण तेल खूप खायचं. व्हॉल्व्हची टकटक गेली आणि तेलाचा धूर आला.

एक मायक्रॉनची किंमत

आतापर्यंतचा कॅम कागदावर होता. प्रत्यक्षात तो बनतो फाउंड्रीत आणि ग्राइंडिंग मशीनवर, आणि ते पाहायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथलीच. देशातल्या आणि परदेशातल्या वाहन उत्पादकांना ती कॅमशाफ्ट पुरवते, आणि २०१६ पासून तिचे शेअर बाजारात आहेत.

तिच्या उत्पादनांपैकी एक प्रकार आहे चिल्ड कास्ट आयर्नचा. युक्ती सुंदर आहे. साच्यात कॅमच्या उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे, म्हणजे चिल, बसवतात. वितळलेलं बीड तिथे झटकन थंड होतं, कार्बन ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, कार्बाइड तयार होतं आणि तेवढाच भाग कठीण होतो. बाकीचा दांडा सावकाश थंड होऊन मऊ राहतो आणि त्याचं मशीनिंग करता येतं. मग उंचवटे ग्राइंड करून अचूक आकारात आणतात.

आता एक गणित. समजा ग्राइंडिंग करताना मशीन किंचित थरथरलं आणि कॅमवर पूर्ण फेरीत १०० बारीक लाटा उमटल्या. प्रत्येकीचा आयाम फक्त १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे ५००० हर्ट्झचं कंपन. त्वरण काढा: सुमारे ९९० मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १०० पट. आपल्या मूळ डिझाइनमधलं कमाल त्वरण होतं ४०० पट. डोळ्याला न दिसणारी लाट त्याच्या पावपट त्वरण घेऊन येते! प्रत्यक्षात तेलाचा थर, धातूचा लवचिकपणा आणि फॉलोअरचा आकार यातलं बरंच गिळून टाकतात. तरीही चौथ्या डेरिव्हेटिव्हपर्यंत सलग केलेला वक्र ग्राइंडिंगच्या एका थरथरीत वाया जाऊ शकतो. डिझाइन आणि उत्पादन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात, पण आवाजाला ते माहीत नसतं.

मोजायचं कसं?

नुसता साउंड लेव्हल मीटर घेऊन इंजिनाजवळ उभं राहणं हा सर्वात कमी माहिती देणारा प्रयोग. का ते पाहा. समजा ज्वलनाचा आवाज ९० डेसिबल आहे आणि व्हॉल्व्हचा ८०. दोन्ही मिळून मीटर दाखवेल ९०.४. तुम्ही व्हॉल्व्हचा आवाज शंभर टक्के नाहीसा केलात तरी मीटर फक्त ०.४ ने उतरेल. आणि कानाला मात्र ती टकटक वेगळी ऐकू येतच असते.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, शक्य असेल तर फक्त हेड घेऊन ते विजेच्या मोटरने फिरवा. ज्वलन नाही, म्हणजे त्याचा गोंधळही नाही. दोन, हेडवर ॲक्सिलरोमीटर लावा. तीन, आणि सर्वात महत्त्वाचं, सिग्नल वेळेच्या अक्षावर न काढता क्रँकच्या कोनाच्या अक्षावर काढा. मग प्रत्येक ठोका आपला पत्ता सांगतो: हा एक्झॉस्ट बंद होतानाचा, हा इनलेट उघडतानाचा. फट बदलली की ठोक्याची उंची आणि जागा दोन्ही बदलतात. पण लक्षात असू द्या, मोटरवर फिरवलेलं हेड गरम नसतं. तिथली फट चालत्या इंजिनातली फट नव्हे.

आता प्रश्न पुन्हा लिहू

'व्हॉल्व्हचा आवाज कमी करणे' याऐवजी असं लिहिता येईल: 'अमुक इंजिनात, आयडल ते ४००० आरपीएम या पट्ट्यात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टेकण्याचा वेग अमुक मर्यादेत ठेवणारा रॅम्प शोधणे, कॉम्प्रेशनमधली घट अमुक टक्क्यांपेक्षा जास्त न होऊ देता.' या वाक्यात कोणता आवाज, कोणता वेग, काय मोजणार आणि कशाच्या बदल्यात, हे चारही आलं. आकडे तुमच्या इंजिनावरून भरा.

हमखास येणारा प्रश्न: इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे शिकून काय करायचं? प्रश्न खरा आहे, आणि ज्या शहरात कॅमशाफ्टवर घरं चालतात तिथे तर तो पोटाचा आहे. इलेक्ट्रिक मोटरला व्हॉल्व्ह नसतात. पण ट्रॅक्टर, जनरेटर, सीएनजी वाहनं एका वर्षात नाहीशी होत नाहीत. आणि एक वस्तू दुसरीला भिडताना धक्का कसा कमी ठेवायचा हा प्रश्न कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हमध्ये आहे, पॅकिंग मशीनमध्ये आहे, मागावरही आहे. विषय निवडताना यंत्राचं नाव बदललं तरी टिकेल असा प्रश्न हातात धरा. त्याची सुरुवात म्हणून या आठवड्यात एक काम करा. जवळच्या गॅरेजमध्ये जा, मेस्त्रीकाकांना विचारून एका इंजिनाची फट फिलर गेजने स्वतः मोजा आणि त्या आकड्यावरून, वर दिलेल्या रॅम्पच्या हिशोबाने, व्हॉल्व्ह टेकण्याचा वेग काढा.